हद्दीबाहेरचं रेकॉर्ड

तुमच्या फाटकासमोर चार जण मिळून एका माणसाला मारत आहेत आणि तुम्ही ते डोळ्यांनी बघत आहात, तर ते तुमच्या हद्दीत घडलं असं तुम्ही म्हणाल, की हद्दीबाहेर?

उत्तराची घाई करू नका. मी ज्या माणसाबद्दल लिहिते आहे त्यांनीही केली नव्हती. त्यांनी आधी चष्मा पुसला, रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवून रेघ मारली आणि मग उत्तर लिहिलं. त्या उत्तराचा राग अजून माझ्या अंगात आहे. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

ते आमचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना भाऊसाहेब म्हणायची. आमच्या तालुक्याच्या गावात, रेल्वे रुळांपलीकडच्या वसाहतीत त्यांचं बैठं घर होतं आणि घरामागच्या दोन खोल्यांत मी आणि माझा थोरला भाऊ भाड्यानं राहत होतो. भाऊसाहेब सरकारी रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं होतं: कोणता कागद ठेवायचा आणि कोणता फाडायचा हे ठरवणं. सरकारात कागदाला वर्ग असतात. अ म्हणजे कायमचा, ब म्हणजे तीस वर्षांचा, क म्हणजे पाच-दहा वर्षांचा आणि ड म्हणजे लवकर नष्ट करायचा. भाऊसाहेबांनी हे वर्ग घरी आणले. भाजीची पिशवी फाटली की ती ड वर्गात जायची. दिवाळीची शुभेच्छापत्रं क वर्गात. एकदा पाहुण्यांनी मिठाई आणली तर ते म्हणाले, "ड वर्ग. आजच संपवा."

ऐकायला गंमत वाटते. मलाही पहिले सहा महिने वाटायची.

त्यांचा मुलगा आखातात, कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीत कामाला होता. एका सुट्टीत तो चार कॅमेरे आणि दोन मशीनं घेऊन आला. एक मशीन चारही कॅमेऱ्यांची चित्रं टीव्हीच्या एकाच पडद्यावर चार चौकोनांत दाखवायचं. दुसरं टेप करायचं, तेही तुटक तुटक, मधली चित्रं गाळत, त्यामुळे तीन तासांच्या साध्या कॅसेटवर अख्खा दिवस मावायचा. गाळल्यामुळे त्यात माणसं चालायची ती कळसूत्री बाहुल्यांसारखी. आवाज नव्हताच. मुलगा आठ दिवसांत निघून गेला आणि भाऊसाहेबांना निवृत्तीनंतर पुन्हा एक रेकॉर्ड रूम मिळाली.

पहिला कॅमेरा फाटकावर आणि त्यापुढच्या रस्त्यावर. दुसरा जास्वंदीवर. तिसरा मागच्या दारावर. चौथा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर, कारण टाकीत कोण काय टाकेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कॅसेटी एकतीस. एक तारखेची कॅसेट एक नंबर, दोन तारखेची दोन नंबर. सकाळी सहाला कालची काढायची, आजची घालायची. पुढच्या महिन्यात तीच तारीख आली की तीच कॅसेट पुन्हा मशीनमध्ये, आणि मागच्या महिन्यावर नवा दिवस चढायचा. रोज संध्याकाळी चहा पीत ते आदला दिवस भराभर पुढं पळवत बघायचे आणि रजिस्टरात नोंद करायचे. "कॅ. क्र. २. शेळी, एक, काळी. जास्वंद खाल्ली." "कॅ. क्र. ४. टाकीवर कावळा." लाईट गेली असेल तर किती ते किती गेली, तेही.

प्रत्येक कॅसेटचं एक सर्व्हिस बुक होतं. ती कितीदा वापरली, चित्रात मुंग्या कधी दिसायला लागल्या, बुरशी कधी पुसली. बारा वेळा वापरून झाली की कॅसेट सेवानिवृत्त व्हायची आणि मगच तिच्या जागी नवी भरती. कॅसेटी पिठाच्या पत्र्याच्या डब्यात कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या असायच्या. पीठ काकूंनी बादलीत ठेवायचं.

काकू म्हणजे त्यांची मंडळी. काष्टी गावाकडच्या. त्यांनी या माणसाबरोबर आयुष्य काढलं होतं आणि जिभेवर त्याची धार आली होती. "माझं बी सर्व्हिस बुक हाय बरं का," त्या मला सांगायच्या. "पेन्शन मात्र न्हाई."

जागेबद्दल भाऊसाहेबांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "खोली वाढत नाही, कागद वाढतो." कुणी म्हणालं की मुलाला सांगून आणखी शंभर कॅसेटी मागवा, तर ते हसायचे. ठेवणं कोणालाही येतं, म्हणायचे. शहाणपण लागतं ते टाकायला. मी तेव्हा मान डोलवली होती. आता मला विचारावंसं वाटतं, की टाकायला लागतं ते शहाणपण, मग टाकताना हात थरथरायला काय लागतं?

मुलाच्या लग्नाच्या कॅसेटचं सांगितलं पाहिजे. सुरुवातीला कॅसेटी तीसच होत्या. पहिल्यांदा एकतीस तारीख आली तेव्हा नंबर एकतीस नव्हता. भाऊसाहेबांनी कपाट उघडलं, मुलाच्या लग्नाची कॅसेट काढली, लग्नाला पाच वर्षं होऊन गेली आहेत याची खात्री केली आणि ती क वर्गातली मुदत संपलेली म्हणून मशीनमध्ये घातली. लग्न झाल्याचा दाखला होता ना, मग चित्र कशाला? काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "पोराचं लगीन बघाया बसावं तर अंतरपाटाच्या जागी आमची पाण्याची टाकी."

नवव्या दिवशी काकू लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाकडे जाऊन एक गोष्ट शिकून आल्या, आणि ती त्यांनी मला दाखवली. कॅसेटच्या कण्यावर डाव्या टोकाला नखाएवढी प्लास्टिकची चिप असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही टेप होत नाही. काकूंनी विळीच्या टोकानं लेकीच्या डोहाळजेवणाच्या कॅसेटची चिप माझ्यादेखत उडवली. ती कटकन् उडून पिठाच्या बादलीत पडली.

त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा टेप करता येतं, हे भाऊसाहेबांना माहीत होतं. पण त्यांनी कधी लावली नाही. ते म्हणाले, चिप मोडणं म्हणजे सक्षम अधिकाऱ्यानं कायमचा शेरा मारणं. त्यावर चिकटपट्टी ही खाडाखोड झाली. मोडलेली चिप त्यांनी पाळली असती. कोणीही मोडलेली. हे लक्षात ठेवा, कारण मी विसरले होते.

आता त्यांच्या बाजूचं एक सांगते, नाहीतर हे चित्र खोटं होईल. या वसाहतीत खोली शोधताना तीन घरांनी आमचं आडनाव विचारलं आणि खोली कालच गेल्याचं सांगितलं. खोल्यांना कुलपं होती, कुलपांवर धूळ होती. भाऊसाहेबांनीही आडनाव विचारलं. ते रजिस्टरात लिहिलं, रेशनकार्ड तपासलं, अर्ज दोन प्रतींत मागितला आणि किल्ली दिली. "पाणी सकाळी सहाला येतं," एवढंच म्हणाले. काकूंनी पहिल्याच दिवशी वाटीभर कालवण आणून दिलं आणि आमची वाटी भरून घेऊन गेल्या. ज्यांना या दोन वाट्यांचा अर्थ कळत नाही ते सुखी आहेत.

माझे वडील छापखान्यात रोजावर कामाला होते. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सभेची, मोर्चाची, धम्म परिषदेची, संपाची. रात्री ते शाईचे हात धुवायचे आणि उरलेलं एक पत्रक मला वाचायला द्यायचे. पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे मला पहिली वाक्यं आली ती सगळी आज्ञेची: उठा, संघटित व्हा, जाब विचारा. आणि प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागणी असायची. वडील म्हणायचे, लेखी मागितलेलं आज ना उद्या मिळतं, तोंडी मागितलेलं वाऱ्यावर जातं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. भाऊसाहेब आणि मी, आम्ही दोघंही कागदावर विश्वास ठेवणारी माणसं होतो. घात तिथंच झाला.

माझा भाऊ, दादा, एस.टी.च्या चालक भरतीत पास झाला होता. परीक्षा झाली, गाडी चालवून दाखवून झाली, डोळे तपासून झाले. निवडीचा कागद हातात आला होता. राहिली होती फक्त पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी. आमच्या घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा तो पहिला होणार होता. खाकी शर्टाचं माप त्यानं कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे देऊनही टाकलं होतं.

मार्चची बारा तारीख होती. दुपारी चारच्या सुमारास दादा सायकलवरून घरी येत होता. फाटकासमोर एका सोसायटीच्या चेअरमनच्या मुलाची जीप मागं घेताना दादाच्या सायकलवर आली. सायकलचं मागचं चाक वाकलं. दादा म्हणाला, जरा बघून घ्या की. जीपमधून चार जण उतरले. चेअरमनच्या मुलानं आधी त्याला आमच्या जातीचं जुनं नाव घेऊन हाक मारली, जे नाव आमच्या आजोबांनी छप्पन्न साली टाकलं, आणि मग मारायला सुरुवात केली. मारून झाल्यावर त्यातल्या एकानं जीपमधली टॉमी, चाक खोलायची लोखंडी सळई, काढली आणि स्वतःच्याच जीपची मागची काच फोडली. तिथून ते सरळ पोलीस ठाण्यात गेले. दगड मारून काच फोडली, अंगावर धावून आला, अशी दादावर तक्रार. ती दाखल झाली. आम्ही संध्याकाळी गेलो तेव्हा आमची साधी नोंद करून घेतली आणि दखल घेण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं.

रात्री दादा हळद लावून बसला होता. मी विचारलं, तू एकदाही हात का नाही उचलला? तो म्हणाला, "हात उचलला आस्ता तर नोकरीचा कागद गेला आस्ता."

थोड्या वेळानं म्हणाला, "आता तसाबी गेला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊसाहेब बारा नंबरची कॅसेट बघत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काकू मागं उभ्या होत्या. पडद्याच्या एका चौकोनात माझा भाऊ बाहुलीसारखा पडत होता, उठत होता, पुन्हा पडत होता. त्याचे दोन्ही हात सायकलच्या दांडीवर होते, शेवटपर्यंत. शेजारच्या चौकोनात जास्वंद हलत होती. खालच्या चौकोनात टाकी होती. टॉमी वर गेलेली आणि काच खाली आलेली स्पष्ट दिसली. कोपऱ्यात वेळ होती.

आणखी काही दिसलं. रस्त्यापलीकडच्या गच्चीवर एक बाई कुरडया वाळत घालत होत्या, त्या उठून कठड्यापाशी आल्या. त्यांच्या शेजारच्या ओट्यावर एक गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, बघितलं आणि पेपर पुन्हा वर केला. रस्त्यावरच्या सार्वजनिक नळाला दुपारी पाणी यायचं, तिथं दोन पोरी हंडे घेऊन थांबल्या होत्या. मी त्या सगळ्यांना ओळखत होते. आदल्याच संध्याकाळी मी त्यांच्या दारात जाऊन आले होते आणि सगळ्यांनी सांगितलं होतं की दुपारी झोपलो होतो.

भाऊसाहेबांनी मशीन थांबवलं. चष्मा पुसला. पट्टी ठेवली. बराच वेळ लिहीत होते. मी कॅसेट मागितली.

"अर्ज दे," ते म्हणाले.

मी दिला. दोन प्रतींत. विषय, संदर्भ, महोदय. त्यांनी आवक क्रमांक घातला आणि दोन दिवसांनी माझ्या दाराखालून उत्तर सरकवलं. घटना अभिलेखधारकाच्या हद्दीबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर घडलेली असल्यानं सदर भाग वर्ग ड मध्ये मोडतो. सक्षम अधिकाऱ्याचं मागणीपत्र मुदतीत आल्यास विचार करता येईल. मुदत अर्थातच पुढची बारा तारीख.

शेळीनं जास्वंद खाल्ली ती हद्दीत होती. ती नोंद अ वर्गात होती. मी स्वतः पाहिली आहे.

पोलीस ठाण्यात मी तीनदा गेले. हवालदारांनी पहिल्यांदा बसायला सांगितलं, दुसऱ्यांदा बसायलाही सांगितलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, "इथं टॉकीज हाय का? कॅसेट लावाया मशीन कुठाय? मागनीपत्र बिगनीपत्र आमी देत न्हाई. मालकाला म्हनावं, यिऊन दाखव."

भाऊसाहेब म्हणाले, तोंडी निरोपावर अभिलेख दाराबाहेर जात नाही.

काकूंनी त्यांना जेवताना सुनावलं. मी मागच्या खोलीतून ऐकत होते. "पोराची भाकरी चालली, आन् तुमी वर्ग बघताय."

ते शांतपणे म्हणाले, "आज याला दिली तर उद्या चेअरमनचा मुलगा मागायला येईल. त्याला कोणत्या नियमानं नाही म्हणू?"

हे वाक्य मी पुष्कळ दिवस चघळलं. त्यांना कुणी दमदाटी केली नव्हती. कुणी पेढ्यांचा पुडा आणला नव्हता. आणला असता तर बरं झालं असतं. विकल्या गेलेल्या माणसाचा राग धरणं सोपं असतं. हा माणूस दोघांनाही सारखाच नकार देणार होता आणि त्यालाच न्याय समजत होता. अहो, मारणारा आणि मार खाणारा यांच्यात बरोब्बर मधोमध उभं राहणाऱ्यामुळे कुणाचा फायदा होतो, एवढंही तुमच्या रजिस्टरात लिहिलेलं नव्हतं?

एप्रिलच्या अकरा तारखेला मी श्रीरामपूरला जाऊन एक कोरी कॅसेट विकत आणली. चांगल्यातली, तीन तासांची. संध्याकाळी भाऊसाहेबांपुढं ठेवली. म्हटलं, उद्या बारा नंबरऐवजी ही घाला. तुमचा एकही दिवस चुकणार नाही, तुमचं एकही कलम मोडणार नाही. आमची बारा नंबरची तेवढी बाजूला राहू द्या.

त्यांनी कॅसेट उलटसुलट केली. खुश झालेले दिसले. "चांगला माल आहे," म्हणाले. पिठाचा डबा उघडला, त्यातून बारा नंबर काढली आणि तिचं सर्व्हिस बुक शोधेपर्यंत ती धरायला माझ्या हातात दिली.

माझ्या उजव्या अंगठ्याखाली ती चिप होती. नखाएवढी. मला ती जाणवत होती. काकू दारात उभ्या होत्या. त्या माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या, मग माझ्या तोंडाकडे. मोड, अशी त्यांनी हळूच मान हलवली. मी मोडली नाही. दुसऱ्याची वस्तू, परवानगी नाही, आणि शिवाय रीतसर तोडगा निघालेलाच होता. भाऊसाहेबांनी नव्या कॅसेटची पोच लिहून दिली, सही केली, शिक्का मारला. ती पोच घेऊन मी नाचत मागच्या खोलीत गेले. दादाला म्हटलं, झालं काम, उद्या कॉलेजातून आले की मी आणि तू मिळून वकिलांकडे जाऊ. महिन्याभरानं दादा पहिल्यांदा पोटभर जेवला.

सकाळी सहाला पाणी भरताना मशीनचा आवाज आला. मी ऐकला आणि हंडा उचलला.

कॉलेज सुटून घरी यायला पाच वाजले. भाऊसाहेब ओट्यावर होते. बारा नंबर द्या, मी म्हटलं.

"मशीनमध्ये आहे."

"आणि नवी?"

"राखीव साठ्यात घेतली. बत्तीस नंबर. कोणाची सेवा संपल्याशिवाय नवीन भरती कशी करणार? बाराची अजून तीन आवर्तनं शिल्लक आहेत."

कॅसेट सकाळी सहाला सुरू झाली होती. मागच्या महिन्यातले चार वाजले होते त्या जागेवर ती या महिन्यातही चार वाजताच पोचली असणार. मी तासभर आधी आले असते तर दादा अजून त्या फितीवर होता. मी आत जाऊन पडद्याकडे बघितलं. फाटक होतं, रस्ता होता, रस्त्यावर ऊन होतं. कुणी नव्हतं.

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.  माझं संपल्यावर भाऊसाहेबांनी दुसरं एक रजिस्टर आणलं, लाल फडक्यात बांधलेलं, आणि उघडून माझ्यासमोर धरलं. नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात दीड पान होतं. जीपचा रंग, इसम चार, सायकलस्वाराचे दोन्ही हात दांडीवर, टॉमीनं काच जीपमधील इसमानंच फोडली. वेळेसकट. खाली शेरा: वर्ग ड, मुदतीअंती नष्ट.

"नष्ट झालेल्याची यादी अ वर्गात असते," ते म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला काहीतरी देत आहेत. "ती कायम राहते. मी कोर्टात येईन. शपथेवर सांगेन."

ते आले. हे मला लिहिलंच पाहिजे. पुढं दादावरचा खटला उभा राहिला तेव्हा आमच्या बाजूचे पहिले साक्षीदार म्हणून ते आले. इस्त्रीचा सदरा, काखेत लाल फडक्यातलं रजिस्टर. सकाळी दहापासून कोर्टाच्या बाकावर ताठ बसले होते. चारला पुकारा झाला. समोरच्या वकिलानं रजिस्टर हातातही घेतलं नाही.

"मूळ कॅसेट कुठं आहे?"

"नष्ट केली."

"कोणी?"

"मी."

"कुणाच्या दबावाखाली?"

"कुणाच्याच नाही. हद्दीबाहेरची होती."

"मग हद्दीतलं काय जपून ठेवलंय भाऊसाहेब तुम्ही?"

भाऊसाहेब खोटं बोलू शकले असते. नाही म्हणू शकले असते, आठवत नाही म्हणू शकले असते. पण ते शपथेवर होते आणि रजिस्टर त्यांना पाठ होतं.

"शेळी," ते म्हणाले.

कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला. चेअरमनचा मुलगा मांडीवर थाप मारून हसला. दादा खाली बघत होता. भाऊसाहेबांना आधी कळलंच नाही लोक का हसतायत. मग कळलं. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. चाळीस वर्षं ज्याला आपण कायमचं समजत होतो ते कुणी हातातसुद्धा घेत नाही, हे कळलेला तो चेहरा होता. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही. त्यांच्या चेहऱ्यामागं मला निवडीचा कागद दिसत होता, त्याची मुदत कधीच संपून गेली होती. शिंप्यानं शिवलेला खाकी शर्ट काकूंनी घडी घालून आमच्या ट्रंकेत ठेवला होता.

पुढचं काकूंनी सांगितलं. घरी आल्यावर भाऊसाहेबांनी पिठाचा डबा खाली घेतला, विळी मागितली आणि एकतीसच्या एकतीस कॅसेटींच्या चिपा एकेक करून मोडल्या. माझी कोरी बत्तीस नंबरसुद्धा, जी नव्या भरत्या झाल्या तरी राखीवच राहिली होती आणि जिच्यावर काहीच नव्हतं. चिपा मोजून पाकिटात घातल्या, पाकिटावर अ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी त्या तारखेची कॅसेट मशीनमध्ये सरकवली, मशीननं ती बाहेर थुंकली. रोज सहाला ते घालतात, मशीन रोज बाहेर टाकतं. कॅमेरे चालू आहेत, पडद्यावर फाटक दिसतं, रस्ता दिसतो. काही उतरत नाही. एकतीस कॅसेटी कायमच्या जपून ठेवल्या आहेत, आणि त्यांत जास्वंद आहे, टाकी आहे, रिकामा रस्ता आहे.

आम्ही ती खोली सोडली. दादा आता कोल्हारला दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. खटला अजून चालू आहे. भरतीचं वय संपायला त्याला दोन वर्षं उरली आहेत. त्याआधी तो सुटला तर पुन्हा अर्ज करता येईल. नाही सुटला तर खाकी शर्ट ट्रंकेतच राहील.

मी हे भाऊसाहेबांवर सूड म्हणून लिहिलेलं नाही. त्यांनी जे केलं ते लिहून ठेवलं आणि शपथेवर कबूल केलं. मी माझा अंगठा आवरला, तेही मी इथं कबूल केलं आहे. आता बाकीच्यांचं राहिलं. आमच्या बाजूच्या साक्षी अजून संपलेल्या नाहीत.

कुरडया घालणाऱ्या बाई, तुम्ही कठड्यापाशी आला होतात, तुमच्या हातात पिठाचा सोऱ्या होता. ओट्यावरचे गृहस्थ, तुम्ही पेपर खाली केला होतात आणि पुन्हा वर केलात. नळावरच्या पोरींनो, तुम्ही आता मोठ्या झाला असाल, पण त्या दिवशी तुमचे हंडे भरून वाहत होते आणि तुमचं लक्ष रस्त्यावर होतं. मी तुम्हाला पाहिलं आहे. ती कॅसेट पुसली गेली, तुम्ही पुसले गेलेले नाही. आणि जे त्या गल्लीत राहत नाहीत, त्यांनी आपापल्या गल्लीत आपण कधी पेपर वर केला होता ते आठवावं आणि ज्याला सांगायचं होतं त्याला आज जाऊन सांगावं.

पुढची तारीख लागली की मी त्या वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या विहाराच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवते. सकाळी अकराला कोर्टाच्या पायरीवर दादा उभा असतो. तिथं या आणि काय पाहिलं ते सांगा. अर्ज लागत नाही.